तापाचा कितवा दिवस

दुर्गे भाऊंना कोणी घरी बोलवायचं नाही. माणूस वाईट म्हणून नाही, कूलरमुळे. झालं असं की गडचिरोलीत आमच्या घरमालकांनी वरचा मजला बांधला, पूजा ठेवली, जेवण ठेवलं, आणि मी हौसेनं म्हटलं, आमच्या लॅबमधले दुर्गे भाऊ एकटेच राहतात, त्यांनाही सांगू का? मालक म्हणाले, सांगा ना. भाऊ आले. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, त्या घामट उकाड्यात पायात मोजे आणि मोज्यांवर सँडल. दाराशी सँडल काढली, मोजे तसेच ठेवले, सगळ्यांना हात जोडले आणि सरळ मागच्या खिडकीशी जाऊन कूलरची जाळी काढून आत मुंडकं घातलं.

"मालक, एक बादली द्या."

"काऊन? काय झालं?"

"अळ्या झाल्या ना बावा याच्यात. चार दिवसाच्या हायेत."

बादली येईपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. कूलर तिरपा केला, पाणी सोडलं, ते पाणी फरशीवरून वळून थेट पंगतीखाली गेलं आणि अख्खी पंगत वरण-भात हातात धरून उभी राहिली. मालकीणबाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तुमच्या त्या कूलरवाल्याले पुन्हा आनू नका वो बाई." आणि भाऊ मला काय म्हणाले माहितीय? "जेवन चांगलं होतं मॅडम. भाजी मस्त होती. कूलर रविवारचा भरला असन त्यांनी, पाहा विचारून."

मी विचारलं. रविवारीच भरला होता!

मी तेव्हा चोवीस वर्षांची, चंद्रपूरची, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेली. नागपूरच्या एका सरांनी डेंग्यूवर प्रकल्प काढला होता, त्यासाठी गडचिरोलीत दवाखान्याला लागून भाड्याच्या दोन खोल्यांत लॅब होती. तिथे मी आणि दुर्गे भाऊ. कागदावर मी त्यांच्या वर. ते लॅब टेक्निशियन, माझ्या अब्बांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि आयुष्यभर रक्त काढत आलेले. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, भाऊ, मला मॅडम नका म्हणू, शबाना म्हणा. ते म्हणाले, "बरं मॅडम." झालं! दोन वर्षं मॅडम.

त्यांचं रक्त काढणं बघायला हवं होतं. आधी दोन्ही हात काखेत धरून गरम करायचे. "थंडा हात लागला का शीर लपते," म्हणायचे. मग डोळे मिटायचे. हो, मिटायचे! बोटानं कोपराच्या आत चाचपत राहायचे आणि एकदम म्हणायचे, "हाये." सुई गेलेली कळायचीही नाही. एकदा एटापल्लीकडचे एक आजोबा आले होते. दोन वेळा दुसरीकडे टोचून झालेलं, म्हणून हात पुढे करेनात. भाऊ त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांना बैलांची नावं विचारली. एवढंच. तिसऱ्या बैलाच्या नावापर्यंत नळी भरली होती. आजोबा चिडले, "अजून एका बैलाचं राह्यलं ना!" मग भाऊंनी तेही ऐकून घेतलं.

ते मूळचे सिरोंच्याचे. तिकडची बाई आली की तेलुगूत सुरू व्हायचे आणि आवाजच बदलायचा, मऊ व्हायचा. एरवी मराठीत ते जरा कोरडेच. सिरोंच्याला बहीण होती, ती रविवारी फोन करायची. भाऊ "आ... आ... सरे... सरे..." म्हणजे हो, बरं, इतकंच बोलायचे, दहा मिनिटं. मी एकदा विचारलं, ताई काय म्हणतात? म्हणाले, "विचारते, जेवला का." दहा मिनिटं तेच? "हो ना. तिले खरं वाटत नाई."

लग्न केलं नव्हतं, की झालं होतं आणि मोडलं होतं, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. डबा खाताना दाराकडे पाठ करून बसायचे. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन चहा प्यायचे. मला वाटायचं कोणाची वाट बघतात. नाही. एकदा मी चंद्रपूरहून उतरले तर तिथेच बाकावर बसलेले, हातात ग्लास. म्हटलं, भाऊ, कोणी येणार आहे का? म्हणाले, "कोनी नाई. इथी मानसं असते."

हां, प्रकल्प काय होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डेंग्यूत बरेच लोक आठवड्यात बरे होतात. थोड्यांचं बिघडतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, कोणाला रक्तस्राव होतो, हातपाय गार पडतात. आणि हे विषाणू एकटा करत नाही. आपल्याच पेशी एकमेकींना रसायनांमधून निरोप पाठवतात, शत्रू आला, धावा. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात, इंटरल्यूकिन त्यातलीच. ते प्रमाणात असले तर बरं, अतोनात झाले की घात. आम्हाला तापाच्या कितव्या दिवशी कोणता निरोप किती वाढतो ते मोजायचं होतं, म्हणजे कोणाचं बिघडणार हे आधी ओळखता येईल. मी हे सगळं सेमिनारला तीन पानं लिहून सांगायचे. भाऊंनी एका दमात सांगितलं.

"मॅडम, तुमचं ते इंटरल्यूकिन म्हन्जे हाकाटी. शेतात वाघ आला. एकानं पाह्यला, तो ओरडला. बरोबर केलं, ओरडाच लागते. त्याचं ऐकून दहा ओरडले. दहाचं ऐकून गाव ओरडलं. मंग लाठ्या घेऊन सारे धावले. कोनी बांधावरून पडला, कोनी विहिरीत पडला, कोनाच्या बैलानं दावं तोडलं. वाघ? तो तर तवाच नाल्यानं निघून गेला. पन हाकाटी चालूच."

"म्हणजे ताप उतरतो तेव्हा विषाणू कमी झालेला असतो, आणि तरी..."

"तेच तर सांगून राह्यलो ना. वाघ गेला, मानसं पडून राह्यले."

म्हणून त्यांचं एक वाक्य ठरलेलं. वॉर्डात कोणी हसत म्हटलं, भाऊ, ताप उतरला! की हे म्हणायचे, "उतरला का? मंग आता भ्या." पेशंटचे नातेवाईक दचकायचे. नर्सबाई ओरडायच्या, "भाऊ, असं नका ना बोलू, लोक रडतात!" भाऊ म्हणायचे, "रडू द्या. घरी नाई गेले पायजे." चौथा, पाचवा, सहावा दिवस, ताप उतरल्यापासून पुढचे दोन दिवस, त्यांचा पेशंटवर पहारा असायचा. काम नसताना जाऊन बोटं दाबून बघायचे, गार आहेत का.

तर आमच्याकडे प्रत्येक नळीवर दिवस लिहायचा. रक्त काढलं, नळी यंत्रात गरगर फिरवली, वरचं पिवळं पाणी छोट्या नळीत घेतलं, चिकटपट्टीवर नंबर आणि तापाचा दिवस, आणि नळी उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. हे लिहिणं भाऊंचं. अक्षर छापल्यासारखं. विचारायचं, "किती दिवसापासून ताप?" आणि सांगतील तो आकडा लिहायचा. इतकी साधी गोष्ट.

दुसऱ्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत चामोर्शीकडची वनिता आली. तिशीची असेल. नवरा सुखदेव सोबत. ती हसरी होती, तापातही बडबड चालू. भाऊंनी विचारलं, किती दिवस झाले? म्हणाली, "दोन दिवस." भाऊंनी २ लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप गायब. वनिता पिशवी भरून बसली. "अर्धी रोवणी पडून आहे भाऊ, परहे पिवळे होऊन राह्यले." परहे म्हणजे ती लावायची रोपं. कागदावर तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशी कोणाचा ताप जरा खाली गेला तर तो पुन्हा चढेल, अजून वेळ आहे, असंच सगळ्यांना वाटतं. डॉक्टरांनी तिला दोन दिवसांनी दाखवायला या म्हणून घरी सोडलं. आणि मला हे नीट आठवतं, कारण मी तिथेच उभी होते. भाऊंनी तिला त्यांचं ते वाक्य म्हटलं नाही. "पानी पीत राह्यजा बाई," इतकंच म्हणाले.

त्या दिवशी भाऊ स्वतःच भ्यायले नाहीत. कारण नळीवरचा तो २ त्यांच्याच हातचा होता.

दुसऱ्या संध्याकाळी तिला परत आणलं तेव्हा हातपाय गार होते. पहाटे गेली.

पंधरा दिवसांनी सुखदेव काही कागदांसाठी गडचिरोलीला आला आणि लॅबच्या दाराशी उभा राहिला. भाऊंनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. भाऊच म्हणाले, "लय लवकर बिघडलं. चौथ्या दिवशीच."

सुखदेव म्हणाला, "चौथ्या कुठी भाऊ? जास्त दिवस झालते ना तिच्या तापाले."

"दोन दिवस म्हनत होती ते?"

"दोन दिवस झोपून होती. त्याच्या आधी रोवणीवर जाऊन राह्यली होती ना."

"ताप होता तवा?"

"होता. गोळी खाये आन् जाये." सुखदेव अगदी सहज बोलत होता. "काम केलं तो दिवस तापाचा कसा धरन भाऊ?"

भाऊंनी ग्लास खाली ठेवला. सुखदेव गेल्यावर त्यांनी नोंदवही काढली आणि पहिल्या पानापासून बघायला लागले. मी दोनदा चहा विचारला. ऐकूच आलं नाही त्यांना.

मी तेव्हा गंमत करत होते, लाज वाटते आता. आठवड्यापूर्वीच मी चाचणी म्हणून थोड्या नळ्या मशीनवर लावल्या होत्या आणि आलेख म्हणजे नुसती खिचडी आली होती. दुसऱ्या दिवसाच्या नळ्यांत पाचव्या दिवसासारखे आकडे. मी भाऊंना चिडवत होते की तुमचा हात कापायला लागला, म्हातारे झालात. ते म्हणायचे, "मशीनले विचारा." आता ते नोंदवही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमचा आलेख बरोबर आहे. माह्ये दिवस चूक आहेत."

मग त्यांनी सांगितलं. रोवणीच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत, मजुरीवर जाणाऱ्या माणसानं तापाचा दिवस मोजायला सुरुवात केली ती आडवा पडला त्या दिवसापासून. चालत-फिरत होता ते दिवस मोजलेच नाहीत. इकडे असंच मोजतात! भाऊ स्वतः शेतमजुराच्या घरातले. "माही मायबी असंच मोजे," म्हणाले. "मले माहीत होतं मॅडम. मले माहीत असून मी विचारलं नाई."

सरांना फोन लावला. सर चांगले होते, ओरडले नाहीत. "शबाना, एवढ्या नमुन्यांत थोडं इकडे तिकडे होतंच. अशा चुका एकमेकींना खोडून काढतात."

फोन स्पीकरवर होता. भाऊ पुढे वाकून म्हणाले, "नाई सर. इकडं तिकडं झाली असती तर खोडली असती. हे सारी एकाच अंगाले झुकून आहे. मास्तरच्या पोराचा दिवस बरोबर आहे. रोवणीवालीचा चूक आहे. जे कामावर गेले त्यांचेच दिवस कमी."

मग सर म्हणाले, "मग काय करायचं म्हणता?"

"मी जाऊन विचारतो पुन्हा."

"कोणाकोणाला?"

"साऱ्याइले."

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. सायटोकाइन मोजायची नागपूरची किट फेब्रुवारीअखेर बाद होतात, तोवर काय ते करा. आणि ज्याचा दिवस नक्की लागणार नाही ती नळी मोजणीतून बाद, मग ती कोणाचीही असो. फोन ठेवल्यावर भाऊ म्हणाले, "वनिताबाईचा दिवस लावाच लागते. तिची हाकाटी साऱ्यात मोठी असन. ती मोजल्या गेली पायजे मॅडम. तेवढं तरी झालं पायजे."

हिवाळाभर भाऊ फिरले. लाल बसनं, जिथे बस नाही तिथे कोणाच्या मागे गाडीवर, पुढे पायी. अहेरी, भामरागड, एटापल्ली, पार सिरोंच्यापर्यंत. पिशवीत नोंदवही, पाण्याची बाटली, मुरमुरे. काही वेळा मी गेले सोबत. त्यांनी "किती दिवस ताप होता" हा प्रश्नच टाकून दिला होता. विचारायचे, ताप आला त्या दिवशी कोणाच्या बांधीत होता? जेवण गेलं का? त्याच्या आधीचा बाजार केला का, मिरच्या कोणी आणल्या? आंघोळ केली का? धानाच्या तुकड्यातुकड्याला, म्हणजे बांधीला, मालक असतो आणि रोवणारणींना कोणत्या दिवशी कोणाची बांधी रोवली ते पाठ असतं. त्यातून दिवस निघायचा.

एका गावात एक म्हातारे काका छाती पुढे काढून म्हणाले, "ताप? मले कधीच नाई आला!" भाऊंनी त्यांचंच नाव नोंदवहीत दाखवलं. आतून काकू ओरडल्या, "अवो, त्याले काहाले विचारता? त्याले आपल्या लग्नाचा दिवस आठवत नाई. इकडं या, मी सांगतो!" आणि त्यांनी बाहेर येऊन, तांदूळ निवडत, अकरा दिवसांचा हिशोब दिला, कधी पेज प्याला, कधी ओकला, कधी उगाच भांडला. "भांडला तो कितवा?" भाऊंनी गंभीरपणे विचारलं आणि लिहून घेतलं. परतताना मला म्हणाले, "असं कोनी आपले दिवस मोजून ठेवलं पायजे, नाई?" मी हो म्हटलं.

मी शहाणी, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की ते कुठे जात नाहीयेत. फेब्रुवारी लागल्यावर मी यादी तपासली. दोनशे किलोमीटरवरची गावं झाली होती आणि चामोर्शीकडचं एक गाव राहिलं होतं. बसनं तासाभराचं.

"भाऊ, हे?"

"ते जवळच आहे. कवाही होते."

आठवड्यानं पुन्हा विचारलं. "कवाही होते ना मॅडम." तिसऱ्यांदा मी म्हटलं, मी येते सोबत, उद्या सकाळच्या गाडीनं. त्यांनी मोजे नीट केले. "बरं."

सुखदेवच्या अंगणात खाटेवर बसलो. तो मिरचीच्या तोडणीवरून नुकताच आला होता. भाऊंनी येण्याचं कारण सांगितलं. सुखदेवनं शेजारच्या दोघींना हाक मारली, वनितासोबत रोवणीला असायच्या त्या. एक अनुसया, एक पुस्तकला. पुस्तकला बोलण्यात पटाईत.

"सांगतो ना. पहिल्या दिवशी पाटलाच्या बांधीत होतो. चांगली होती तवा. गानं म्हनत होती."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी नाल्याकडच्या बांधीत. तवा बसली होती मधीच. मी म्हनलं, काऊन वो महारानी, कंबर मोडली का? म्हने, आंग दुखते." पुस्तकला हसली आणि मग एकदम थांबली. "आमी लय चिडवलं तिले त्या दिवशी."

अनुसया हळूच म्हणाली, "त्याच्या आधीच गरम होती ते. पाटलाच्या बांधीतच. मी हात लावला होता."

"ते उनाचं असन," पुस्तकला म्हणाली. "उघडीप होती त्या दिवशी. माह्यंबी आंग गरमच होतं."

"उनाचं नोय वो. मानेले हात लावला होता मी."

"गानं म्हनत होती ना पन! ताप असता तर म्हनलं असतं का?"

"वनिता म्हनेच. तिचं काय सांगतं."

भाऊंनी बोटांवर मोजलं, नाल्याकडची बांधी, मग दोन दिवस झोपून, मग दवाखाना. पुस्तकलाचं खरं धरलं तर दवाखान्यात आली तो चौथा दिवस. अनुसयाचं खरं धरलं तर पाचवा. भाऊंनी फिरवून फिरवून विचारलं. त्या दिवशी भाकर कोणाची खाल्ली, घरी कशी आली, पाण्याला गेली का. सुखदेवला विचारलं. तो म्हणाला, तो त्या आठवड्यात ट्रॅक्टरवर होता, रात्री यायचा, ती जेवण झाकून झोपलेली असायची. अर्धा तास, पाऊण तास. चार की पाच, हलेना.

मग सुखदेवनं विचारलं, "भाऊ, हे मांडून काय होईन?"

मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं होतं. विज्ञान वगैरे. भाऊ म्हणाले, "तिच्यासाठी काई नाई होनार."

"मंग?"

"मी तुमाले तवा चुकीचं विचारलं. किती दिवस झाले, असं विचारलं. कवापासून आंग गरम आहे, कामावर होती का, असं विचारा लागत होतं. मले माहीत होतं इकडं कसं मोजते ते. नाई विचारलं. मी बरोबर विचारलं असतं तर तिले जाऊ नसतं देल्लं. हे सांगायले आलो. दिवस तर निमित्त आहे."

अनुसयानं पदर तोंडाला लावला. सुखदेव उठला, हात झटकले आणि म्हणाला, "बस चुकन तुमची." रागानं म्हणाला की काळजीनं, मला आजही सांगता येत नाही. रस्त्यापर्यंत आला मात्र. भाऊंनी हात जोडले, त्यानंही जोडले.

बसमध्ये मी भाऊंच्या शेजारी. माझ्या मोबाइलमध्ये आलेख होता. आतापर्यंत दुरुस्त केलेल्या दिवसांचा, आणि काय सुंदर आला होता, खिचडी जाऊन एकदम चढण, शिखर, उतार! मला राहवलं नाही. चाचणीत वनिताची नळी लागली होती, तिचे आकडे माझ्याकडे होते. मी ते चारवर ठेवून बघितले, पाचवर ठेवून बघितले. पाचवर शिखराच्या अगदी टोकाशी बसत होते.

"भाऊ, पाच लिहा."

"काऊन?"

"पाचच असणार. बघा ना, किती बरोबर बसतंय! अनुसयाबाईंनी मानेला हात लावला होता. पाच लिहिलं की नळी वाचली."

भाऊंनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. "बसते म्हनून लिहायचं का मॅडम? मी दोन लिहिलं होतं ना, तेबी बसत होतं."

नोंदवही मांडीवर उघडली, गाडी हलत होती म्हणून चामोर्शीच्या थांब्यापर्यंत वाट बघितली, आणि तिच्या नंबरापुढे त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं. चार किंवा पाच. नक्की नाही.

मी चिडले होते. गडचिरोली येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं का, माहीत नाही. कोणी न बोलण्याची त्यांना सवयच होती.

किट बाद व्हायला थोडे दिवस उरले असताना नागपूरची गाडी आली. दिवस लागलेल्या नळ्या मी सुक्या बर्फाच्या पेटीत भरल्या. बाद झालेल्या नळ्या इथेच नष्ट करायच्या असा नियम. पेशंटचं रक्त असं टाकून देता येत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात वाफेवर शिजवायचं, मग पिवळ्या पिशवीत. नष्ट केल्याची प्रत्येक नळीची नोंद कागदावर करायची. भाऊ एकेक नळी फ्रीझरमधून काढून नंबर वाचत होते आणि मी यादीवर खूण करत होते. तिचा नंबर त्यांनी इतर नंबरांसारखाच वाचला. त्याच आवाजात. मी खूण केली. नळी जाळीच्या टोपलीत इतरांबरोबर गेली. त्यांनी झाकण लावलं, पेच आवळले, बटण दाबलं.

प्रकल्प तिथेच संपत होता. मी त्याच गाडीनं पेटीसोबत नागपूरला जाणार होते आणि तिथून पुढे हैदराबादला नोकरीवर. भाऊंचं पुढे काय ठरलंय विचारलं तर "पाहू" म्हणाले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, बर्फ उडून जातो, थांबता येत नाही. मी दारातून म्हटलं, "भाऊ, ते आपोआप बंद होतं. चला ना, कोपऱ्यावर एक चहा घेऊ, मग मी निघते."

त्यांनी स्टूल ओढून ऑटोक्लेव्हसमोर घेतलं होतं. काटा हळूहळू वर चढत होता. दोन्ही हात काखेत, मोजे, सँडल, गळ्यापर्यंत बटणं. पाठ दाराकडे नव्हती, तोंड सरळ त्या भांड्याकडे.

"तुमी व्हा पुढं मॅडम," ते म्हणाले. "इथी कोनी तरी पायजे ना."

मी पेटी उचलली. गाडी वळली तेव्हा खिडकीतून दिसले, वाफेच्या पांढऱ्या धारेपलीकडे, तसेच बसलेले.